टाकाऊ नाव

कापूरहोळ
११ नोव्हेंबर २०२५

सौ. अंजनाबाई यांस,

आत्या लिहायला हात वळेना, म्हणून नावानं लिहिलं. अंजना. किती गोड नाव आहे, कागदावर तर फारच शोभतं. असं नाव स्वतःजवळ ठेवून माझ्या कानात ‘धोंडा’ सांगताना तुमची जीभ कशी अडखळली नाही, हे एकोणतीस वर्षांत मला कुणी समजावून दिलेलं नाही.

फोन मुद्दाम करत नाही. फोनवर तुम्ही रडायला लागता आणि माझं बोलायचं राहून जातं. कागदावर निदान माझं वाक्य पुरं होईल. तुम्ही चौथी शिकलेल्या आहात, सावकाश अक्षर लावत वाचा.

काल दुपारी तुमच्या भाटघरच्या एक बाई एसटीतून उतरल्या आणि सरळ आमच्या सेवा केंद्रात शिरल्या. आत पाच गिऱ्हाइकं आधारकार्डाच्या कामासाठी बसलेली. बाईंनी दारातूनच हाक दिली, “धोंडा कोन गं हितं? अंजनाक्कानं कुंची दिलीया.”

इथं मला सगळे गायत्री म्हणतात. पत्रिकेत आधीच छापलेलं आणि लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलेलं नाव आहे ते. पाचही माना माझ्याकडं वळल्या आणि मला उठून ती कुंची घ्यावी लागली. एवढ्यावर भागलं नाही. तुमचा निरोपही बाईंनी सगळ्यांच्या देखत सांगितला. “गोरखच्या पोराला या बारीला चांगलं नाव नगं म्हनत्यात. टाकाऊ ठिवा. तुमी आत्या लागता, तुमीच ठिवायचं. आन तुमास्नी समदं ठावं हाय म्हनल्या.”

हो, मला सगळं ठाऊक आहे. पासलीच्या शाळेत हजेरीला माझं नाव आलं की मागून कोण हसायचं ते ठाऊक आहे. आठवीत असताना वेल्ह्याच्या शाळेत एकानं नदीतला गोटा आणला, त्याला शेंदूर फासला, माझ्या बाकावर ठेवला आणि हात जोडले. मग सगळा वर्ग एकेक करून पाया पडून गेला. गुरुजीसुद्धा हसू दाबत होते. त्या दिवशी घरी येऊन मी आईला विचारलं तर आई म्हणाली, तुझ्या आधीची तिघं गेली, म्हणून आत्यानं तुला दगडाचं नाव दिलं, मृत्यूनं बघून पुढं जावं म्हणून. माझ्या पाठीवर गोरख झाला. त्याचं नाव मात्र आजोबांनी पंचांग बघून काढलं. तुम्ही त्याच्या बारशाला फिरकलाही नाहीत. माझं वाटोळं करून झालं होतं, तुमचं काम संपलं होतं.

आणि माझ्या लग्नात काय केलंत? भोरच्या कार्यालयात, नवऱ्याकडची माणसं पंगतीला बसलेली असताना पत्रिका हातात घेऊन तुम्ही मोठ्यानं विचारलंत, “ही गायत्री कोन? आमच्या धोंडीचं लगीन न्हवं का?” चार वर्षं झाली त्याला. सासूबाई रागावल्या की अजून ‘धोंडे’ म्हणूनच हाक मारतात. तेव्हाच तुम्हाला सांगितलं होतं, माझ्या दारात पाय ठेवू नका. तुम्ही पाय ठेवला नाहीत, कुंची पाठवलीत.

ती याच टपालानं परत पाठवते आहे. गोरखच्या वैष्णवीला नववा लागलाय. तिची दोन गेलेली आहेत, आता हे तिसरं. त्याचं नाव मी ठेवणार आहे आणि ते चारचौघात हाक मारता येईल असं ठेवणार आहे. तुम्ही मध्ये पडू नका.

गायत्री
(कागदोपत्री अजून धोंडाबाई, तुमच्या कृपेनं)


कापूरहोळ
१९ नोव्हेंबर २०२५

अंजनाबाई,

तुमचे अकरा फोन आले, एकही उचलला नाही. मग तुमचं कार्ड आलं. सहा ओळी असाव्यात, पण पोस्टात कुठंतरी भिजलं आहे. त्यातले दोनच शब्द लागले. ‘जगलीस न्हवं.’

बाकीचं वाचायची गरजही उरली नाही. तुम्हाला वाटतं मी तुमच्यामुळं जगले. मी जगले कारण आई मला पाठीशी बांधून भोरला दवाखान्यात नेत होती. सुया टोचून घेतल्या, औषधं प्यायले, म्हणून जगले. नावानं पोरं जगत असती तर सरकारनं दवाखाने कशाला काढले असते? मी बारावी शिकलेली बाई आहे, मला असलं काही सांगू नका.

नावांचं तर माझं कामच आहे. दिवसाला एक तरी माणूस नाव बदलायला येतो. परवा एक बंडू आले होते, वय बावन्न. मुलीला बघायला पाहुणे येणार आहेत आणि पत्रिकेत वडिलांचं नाव बंडू छापायचं नाही, असं मुलीनं बजावलंय. त्यांना वसंतराव व्हायचं आहे. त्याच्या आधी एक दगडू आले होते, एक भिकाबाई आल्या होत्या. भिकाबाई म्हणाल्या, सून देवाला नैवेद्य दाखवताना सगळ्यांची नावं घेते आणि माझ्यापाशी आली की पुटपुटते. आता तालुक्याचंसुद्धा नाव बदलतात, मग या माणसांनी काय घोडं मारलंय? मी सगळ्यांचे राजपत्राचे अर्ज भरते. त्यात एक रकाना असतो, नाव बदलण्याचे कारण. कुणाला काही सुचत नाही, मीच काहीतरी सभ्य लिहून देते.

माझाही अर्ज भरून ठेवला आहे. दोन वर्षं झाली, टेबलाच्या खणात छापून पडलाय. कारणाचा रकाना तेवढा रिकामा आहे. तिथं तुमचं नाव लिहावं असं फार वाटतं.

आईचा फोन होता. तुमचा निरोप तिच्यापर्यंतही पोचलेला दिसतो. तिनं तर यादीच काढली आहे. मुलगी झाली तर केराबाई, नाहीतर दगडी. मुलगा झाला तर केरू. जन्मल्या जन्मल्या आधी केरावर ठेवायचं, मग सुपात उचलायचं. मी म्हटलं, आई, आधी दवाखान्यातल्या खाटेवर ठेवा. तिनं फोन ठेवून दिला.

संध्याकाळी वैष्णवीनं चोरून फोन केला. चोवीस वर्षांची पोर आहे, दोनदा पोटचं पुरून बसली आहे. म्हणाली, “ताई, माज्या लेकराला केर म्हनू देऊ नका. पोरगी झाली तर शिवानी ठेवा, पोरगा झाला तर तुमाला आवडंल त्ये. तुमी कानात सांगितलं की त्येच खरं, मग आईंना काय बोलता येणार न्हाई. तुमी तर ह्यातनं गेलाय.” मी तिला शब्द दिला. गळ्यातल्या मंगळसूत्राला हात लावून दिला.

तिच्या पहिल्याचं नाव स्वरूप होतं. पाच आठवड्यांचा होऊन गेला. दुसरी चौथ्या दिवशी गेली, तिला नावच नव्हतं. पहिल्याचं नाव कुणी ठेवलं याला आता काही अर्थ नाही, आणि तुम्ही तो विषय काढू नये.

गायत्री


पासली
२७ नोव्हेंबर २०२५

अंजनाबाई,

मुलगी झाली. रविवारी सकाळी, दवाखान्यात, खाटेवर. वजन दोन किलो दोनशे. डॉक्टर म्हणाल्या, कमी आहे पण ठीक आहे, ऊब द्या, दूध द्या. काल घरी आणली. मी सेवा केंद्राच्या दुकानातून दोन आठवड्यांची सुट्टी काढून आले आहे. सासूबाई म्हणाल्या, स्वतःच्या घरात पाळणा हलेना आणि लोकांच्या पाळण्याला दोरी बांधायला चालली. पण आले.

इथं भातझोडणी चालली आहे. गोरख खळ्यावर असतो, वैष्णवी खोलीत असते, आणि मी उंबऱ्यात बसून पोरीची छाती वरखाली होते का बघते. दुसरं काही कामच सुचत नाही. आईनं तिला आल्याबरोबर केरावर ठेवलंच. मी पाण्याला गेले होते तेवढ्यात साधून घेतलं. परत आले तर पोरीच्या दुपट्याला झाडूची काडी चिकटलेली. मी आईशी भांडले. तोंडाला येईल ते बोलले. तुमचं नाव घेऊन बोलले.

त्यावर आईनं जे सांगितलं ते खरं आहे का?

ती म्हणाली, “तिला कशाला बोलतीस? तुज्या आधीच्या तिघांची नावं तिनंच ठिवली व्हती. राजश्री, विजय, मंगल. लई हौसेनं ठिवली. एकामागं एक ग्येली. मग बाया म्हनाया लागल्या, अंजनीच्या तोंडाचं नाव पोरांना बाधतंय. कुनी तिला पाळन्यापाशी उभी करंना. तुज्या बारशाला तुजा बा सुदिक नगं म्हनत व्हता. म्याच हाताला धरून पुढं आनली. तवा ती धोंडा म्हनली, आन त्यानंतर जल्मात कुनाच्या कानाला लागली न्हाई. गोरखच्या बारशाला बोलावलं तर अंगात ताप हाय म्हनून बसली.”

हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. तू तरी का सांगितलं नाहीस? (तू म्हणून गेले. खोडायला रबर नाही, राहू दे.)

सांगितलं असतंस तरी फरक पडला नसता. तू घाबरलीस आणि तुझ्या भीतीची किंमत मी भरली. लोकांनी तुला बोलू नये म्हणून तू एका तान्ह्या मुलीला दगड म्हणालीस. मी हे असंच बघते आणि असंच बघणार.

आता तू विचारणारच, म्हणून मीच लिहून टाकते. स्वरूपचं नाव मी ठेवलं होतं. दोन महिने शोधलं होतं, वहीत पन्नास नावं लिहून काढली होती. तुझ्यावर सूड उगवायचा म्हणून इतकं देखणं नाव निवडलं होतं. बारशाला सगळ्या बायकांनी वा वा केली. पुढं जुलैत एका सकाळी त्याचं अंग तापलं. दरड पडून रस्ता बंद होता, खाली जायला जीप दुपारी मिळाली. डॉक्टरांनी हातात घेतला तेव्हा उशीर झाला होता. न्यूमोनिया होता त्याला. कागदावर तसंच लिहिलंय, तो कागद मी स्वतः वाचला आहे.

त्याच्या दुखवट्याला आलेल्या बायका माझ्याकडं बघून बोलायच्या थांबायच्या. बस, एवढंच.

बारसं येत्या गुरुवारी आहे. शिवानी. ठरलं आहे.

गा.


पासली
४ डिसेंबर २०२५

आत्या,

बारसं झालं. तुला बोलावलं नव्हतं तरी दिवस तुझ्या लक्षात असणार, म्हणून कळवते.

तीस-पस्तीस बायका होत्या. घुगऱ्या कमी पडल्या, मग शेजारून हरभरे आणून पुन्हा शिजवले. गोरखनं पाळण्याला झेंडूची माळ लावली होती, ती पोरीच्या डोळ्यावर यायला लागली म्हणून मी सोडली. पाळण्याखालून वरवंटा द्यायचा तर त्याला घालायला कुंची नव्हती. आई म्हणाली, अंजनीनं पाठवली होती ती कुठाय? मग माझ्या रुमालात गुंडाळून वरवंटा या हातातून त्या हातात दिला. वरवंटा जड होता, पोरीपेक्षा जडच असेल.

मग मला पुढं बोलावलं. वाकले, कानात नाव सांगितलं. बायकांनी पाठीत धपाटे घातले. एकीचा हात जरा जोरातच लागला.

सगळं नीट झालं. पोरगी झोपली आहे. वैष्णवी थकली होती, लवकर आत गेली. आई अंगणात भांडी घासते आहे, तिला म्हटलं मी घासते तर नको म्हणाली. गोरख मला उद्या सकाळच्या जीपपर्यंत सोडायला येणार आहे.

दुसरं काही विशेष नाही.

गा.


कापूरहोळ
९ डिसेंबर २०२५

आत्या,

मागच्या पत्रात नाव लिहिलं नाही हे तुझ्या लक्षात आलंच असेल. तू अक्षर लावत वाचतेस, तुझ्या नजरेतून काही सुटत नाही.

मी पाळण्यावर वाकले तेव्हा शिवानी अगदी ओठांवर होतं. वैष्णवी समोर भिंतीला टेकून बसली होती आणि माझ्या तोंडाकडं बघत होती. आई पलीकडं केराबाईची वाट बघत होती. पोरीनं जांभई दिली. तिचा वरचा ओठ स्वरूपचा आहे. तोच कान, तेवढाच, आणि त्याला माझं तोंड लागलेलं. मला एकदम वाटलं, शिवानी या नावाबद्दल मला काय माहीत आहे? गोड आहे एवढंच. स्वरूपही गोड होतं. केराबाई नावाचं कुणी मी बघितलेलं नाही, दगडी नावाचंही नाही. ज्या नावावर एक माणूस एकोणतीस वर्षं जगलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय असं नाव एकच आहे.

मी ‘धोंडा’ म्हणाले. कानात म्हणाले आणि मग मोठ्यानंही म्हणाले.

पाठीत धपाटे पडत होते ते थांबले. आई म्हणाली, “आगं, जित्या मानसाचं? त्याच घरातलं? तुजंच?” तिला टाकाऊ नाव हवं होतं, पण हे तिलाही झेपलं नाही. वैष्णवीनं उठून पोरीला पाळण्यातून उचललं आणि आत नेलं. दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी मी निघाले तेव्हा ती ओट्यावर आली. मला वाटलं शिव्या देईल. ती एवढंच म्हणाली, “तुमाला तर समदं ठावं होतं.”

इथवर तू म्हणशील, तोंडातून निसटलं असेल. मीही जीपमध्ये स्वतःला तेच सांगत आले. पण काल गोरख जन्मदाखल्यात नाव घालायला कागद घेऊन माझ्याच टेबलापाशी आला. त्याला वैष्णवीनंच पाठवलं असणार. खुर्चीत बसून म्हणाला, “ताई, आजून कागदावर कायच न्हाई. तू शिवानी टाक, म्या आईला बगतो.” किती सोपं होतं. पाच मिनिटांचं काम. दुकानात पाळणा नव्हता, बायका नव्हत्या, आणि बारावी शिकलेली बाई संगणकासमोर बसली होती. न्यूमोनिया झाला तर दवाखान्यात न्यायचं असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मी धोंडा टाइप केलं. गोरख कागद घेऊन निघून गेला.

तेव्हा आता ऐक. तुला माफ केलेलं नाही. तुझ्या कार्डावरचं ‘जगलीस न्हवं’ मला पटलेलं नाही, आणि तरी मी त्याच दोन शब्दांवर एका लेकराला नाव दिलं. याचा तर मला तुझ्यावर जास्तच राग आहे. एक दिवस ती पोरगी मोठी होईल, तिच्या बाकावर कुणीतरी शेंदूर लावलेला गोटा ठेवील, आणि मग ती मला पत्र लिहील. मी तुला लिहिली त्याहून वाईट लिहू दे. मी प्रत्येक वाचणार आहे.

पण एक गोष्ट तू केलीस ती मी करणार नाही. तू मला त्या नावात एकटीला सोडलंस आणि स्वतः अंजना राहिलीस. खणातला माझा अर्ज काल गोरख गेल्यावर फाडला. कारणाचा रकाना शेवटपर्यंत कोराच राहिला. टेबलावर गायत्री अशी पाटी होती, तीही काढून ठेवली. आमचे हे म्हणाले, आता मी काय हाक मारू? म्हटलं, आहे ते मारा. पोरीला शाळेत कुणी हसलं तर तिला निदान सांगता आलं पाहिजे, की माझ्या आत्याचंही हेच नाव आहे आणि ती कापूरहोळला दुकानात बसते, येऊन तिला हसून दाखवा.

तू पासलीला जाऊ नकोस. इकडंही येऊ नकोस. मला तुझं तोंड अजून बघायचं नाही.

ती कुंची मात्र परत पाठव. पासलीत थंडी फार आहे आणि पोरगी अजून अडीच किलोचीही झालेली नाही. टपालानं नको, उशीर होतो. त्याच बाईंच्या हाती एसटीनं पाठव. त्यांना सांग, दारातूनच हाक मारली तरी चालेल.

धोंडा